कुंभार्ली घाटातली कुरकुर

कराडहून गुहागरला निघालेल्या तात्यांच्या गाडीचा मागचा भाग कोंबड्याच्या शेपटीसारखा वर उचललेला होता. "सस्पेन्शन नवं केलंय," हे तात्यांनी पाटण येईपर्यंत तीनदा सांगितलं. केलं होतं खरं. आदल्या रविवारी अंगणात, भाच्याला हाताशी धरून, मागच्या एक्सलचे दोन्ही रबरी बुश बदलले आणि गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळून टाकले.

कोयनानगर मागे पडलं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून, वीज करत करत, वाशिष्ठीत मुकाट उतरतं. त्याच डोंगराच्या पाठीवरून उतरणारी तात्यांची गाडी मात्र खड्ड्याखड्ड्याला 'कुंईऽऽ' करत होती.

"कुणाच्या वाड्याचं दार उघडं राहिलंय का रे?" मागून आत्यांनी विचारलं.

चिपळुणात मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं. "उचललेलीच आवळलीत ना?"

तात्या गप्प.

बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये त्यांना घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते. मग चाक वर-खाली झालं की नळी फिरत नाही, रबर पिळतं. म्हणून गाडी जमिनीवर उभी असताना रबराला पीळ नको. तात्यांनी ते लोंबत्या चाकांवर जखडलं होतं. गाडी खाली येताच त्याचा पिळलेला पंचा झाला, आणि तोच पंचा गाडीला मागून वर रेटत होता. असं रबर फार दिवस टिकत नाही.

"कशानं आवळलंत?"

"पान्याला मीटरभर पाइप लावला, आणि वर स्वतः उभा राहिलो!"

भाच्यानं मोबाइल काढला. पुस्तिकेतला आकडा ९८ न्यूटन-मीटर. म्हणजे मीटरभर पान्याच्या टोकाला १० किलो. तात्या ८० किलो. सगळा भार पडता तर ७८५ झाले असते. बोल्ट वाचला, कारण तात्यांचा पाय घसरला.

मिस्त्रींनी जुने, नायलॉनची कडी असलेले नट बदलायला घेतले. ते एकदाच वापरायचे असतात. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर चारही चाकांवर उभी करून बोल्ट सैल केले, तशी ती सुस्कारा टाकून दोन बोटं खाली बसली.

"आत्याबाई, जरा आत बसा."

जुन्या बीएमडब्ल्यू गाड्यांत ६८-६८ किलोची वजनं ठेवून हे बोल्ट आवळतात, असं मिस्त्री म्हणाले. तात्यांच्या गाडीला रिकामं उभं राहणं पुरेसं होतं. पण मिस्त्री हौशी. आत्या बसल्या, टॉर्क पाना 'टक्' वाजला, दुसऱ्या बाजूलाही वाजला.

गुहागरपर्यंत गाडी गप्प होती. कुरकुर मागच्या बाकावरून येत होती: "६८? त्यांनी मला बघूनच ६८ म्हटलं ना?"