पडल्यावर कसं वागावं, हे तुम्हाला कळलंच नाही

कै. चिंतामणराव देशमुख यांस,


पत्र पनवेलहून लिहितो आहे. तुमचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, शाळा रोह्याला आणि तळ्याला. म्हणजे तुम्ही आमच्या जिल्ह्याचे. तेव्हा त्याला कुलाबा म्हणत, 1981 पासून रायगड म्हणतात. 1952 साली लोकसभेवर गेलात तेही कुलाब्यातूनच. म्हणून घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलतो, राग मानू नये. 1969 साली तुम्ही राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पडलात, त्याबद्दल तक्रार नाही. पडतात माणसं. तक्रार आहे ती पडल्यानंतरच्या तुमच्या वागणुकीबद्दल.

मी इथे एका पक्षाचा बूथप्रमुख आहे. कोणत्या ते विचारू नका, पत्र छापून येईपर्यंत बदललेला असेल. माझी उमेदीची वर्षं पडलेल्या उमेदवारांना पुन्हा उभं करण्यात गेली आहेत, त्यामुळे या विषयात मला थोडं कळतं.

आधी आकडे पाहू. 20 ऑगस्ट 1969 ला निकाल लागला. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींना 4,01,515, नीलम संजीव रेड्डींना 3,13,548 आणि तुम्हाला 1,12,769. कोटा कुणाचाच भरला नाही, म्हणून तुमच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजावी लागली. गिरी जिंकले ते अवघ्या 14,650 नी. साहेब, देशाचा राष्ट्रपती तुमच्या गठ्ठ्यावर ठरला! काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा रेड्डींना दुसरी पसंती मिळावी म्हणून तुमच्या पाठीशी असलेल्या जनसंघाच्या आणि स्वतंत्र पक्षाच्या दारात गेले, त्यावरून काँग्रेसमध्ये भडका उडाला. आमच्याकडे प्रभागात दोनशे मतं खाणारा अपक्षसुद्धा स्वीकृत नगरसेवकपदाचा शब्द घेतल्याशिवाय फॉर्म मागे घेत नाही. तुम्ही काय पदरात पाडून घेतलंत? एखादं महामंडळ? तेही नाही.

बरं, कोर्टात तरी जायचं. मतपत्रिकांचा जमाना, मशीनवर खापर फोडता आलं नसतं, हे मान्य. पण राष्ट्रपतींच्या निवडणुकीला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान देता येतं. त्या निवडणुकीला दुसऱ्यांनी दिलंही, आणि गिरी राष्ट्रपतिपदावर असताना स्वतः साक्षीला हजर राहिले. एवढा गाजलेला खटला, आणि अर्जदारांत तुमचं नाव नाही!

तुम्ही त्या वर्षांत केलंत काय? 1974 ला आत्मचरित्र लिहिलंत. पत्नी दुर्गाबाईंच्या सामाजिक कामात राहिलात, हैदराबादला मुक्काम हलवलात. 1981 ला, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, अमरकोशातल्या निवडक शब्दधनावर पुस्तक काढलंत. अमरकोशाचे मतदार किती, याचा अंदाज तरी घेतला होतात का? 1975 ला तुम्हा नवराबायकोला पद्मविभूषण मिळालं, आणि तेही इंदिराबाईंच्या सरकारकडून, ज्यांच्या पसंतीच्या गिरींविरुद्ध तुम्ही उभे होतात. आमचा कुठलाही माणूस याचा अर्थ पक्षप्रवेशाचं आमंत्रण असा लावून त्याच दिवशी दिल्लीला निघाला असता. तुम्ही पदक घेतलंत आणि घरी आलात.

तुमची सवय जुनीच म्हणा. 1956 ला मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय झाला आणि तिथल्या गोळीबाराची चौकशी होत नाही, म्हणून देशाचं अर्थमंत्रिपद सोडलंत. त्यानंतर दौरा काढायचा, नवा पक्ष काढायचा. तुम्ही विद्यापीठ अनुदान आयोगात जाऊन बसलात, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झालात. खुर्ची गेली की दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे काम तयार! अशाने कार्यकर्ता टिकत नाही.

इतरांकडून तरी शिकायचं. रेड्डी तुमच्याबरोबरच पडले, अनंतपूरला शेती करत बसले, पण दिल्लीकडचं लक्ष काढलं नाही. 1977 ला बिनविरोध राष्ट्रपती झाले. आपले सुशीलकुमार शिंदे ऑगस्ट 2002 मध्ये उपराष्ट्रपतिपदाला पडले आणि जानेवारी 2003 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. याला म्हणतात पडणं! माजी मुख्य निवडणूक आयुक्त शेषन 1997 ला शिवसेनेच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला पडले, 1999 ला काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरला अडवाणींसमोर पडले. जिद्द पाहा. तुमच्या वळणाच्या एकच निघाल्या, कॅप्टन लक्ष्मी सहगल. 2002 ला कलामांसमोर हरल्या आणि कानपूरच्या दवाखान्यात रुग्ण तपासायला परत गेल्या. वय सत्त्याऐंशी.

आता आमच्या पनवेलची रीत ऐका. 1852 पासून इथे नगरपालिका होती, 2016 ला महापालिका झाली, 2017 च्या पहिल्या निवडणुकीत 78 जागा होत्या. जिंकले 78, पडलेले त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्यातला एकही तुमच्यासारखा घरी बसलेला नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मतदारांच्या आभाराचा बॅनर, त्यात नेत्यांचे फोटो मोठे, मतदार नाहीतच. लग्नसराईत एका रात्रीत चार हळदी. हिवाळ्यात आपल्याच नावाचा क्रिकेट चषक. उन्हाळ्यात देहरंग धरण आटलं की टँकर, आणि टँकरवर पाण्याच्या पातळीपेक्षा ठळक चेहरा. सिडकोला निवेदन, निवेदन देतानाचा फोटो, फोटोची बातमी, बातमीचा बॅनर. पाच वर्षं अशी भरगच्च जातात. त्यात पुस्तक वाचायलाही सवड नाही, लिहिणं तर दूरच.

तुम्ही आज असतात तर मी सगळं जमवून दिलं असतं. महामार्गावर कमान, खाली तुमचा हात जोडलेला फोटो, वर ‘जनतेच्या मनातील राष्ट्रपती’. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ही ओळ मात्र गाळली असती. त्याने मतं वाढत नाहीत, उलट लोक हिशेब मागतात.

पण तुम्ही ऐकलं नसतंत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून अनुभवाने एक नियम केला आहे आणि तिकीट मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न तोच विचारतो: पडलास तर काय करशील? ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, ज्याला वकिली, शेती, दवाखाना किंवा एखादा कोश वाट पाहत असतो, त्याचं नाव मी यादीतून खोडतो. ज्याला निवडणुकीवाचून दुसरं कामच नाही, तोच आमच्या उपयोगाचा.

आमची यादी सध्या गच्च भरलेली आहे.

आपला नम्र,
एक बूथप्रमुख, पनवेल