ओरखड्यांची दुनळी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सगळ्यात आधी घरी सांगा की आपण जुनी बंदूक घेतोय. ‘कशाला?’ असं विचारतील. त्याचं धड उत्तर सुचत नसेल तर तिथंच थांबा. हाच प्रश्न पुढे परवान्याच्या अर्जावर येतो, आणि ‘दस्त्याला पॉलिश करायची हौस आहे’ हे कारण तिथं चालत नाही. पीकरक्षणाचं चालतं. १९५९च्या शस्त्र कायद्यात त्यासाठी आजही ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. आता दारू ठासून होईपर्यंत रानडुक्कर भूम सोडून परंड्याच्या शिवारात पोचलेलं असतं, आणि त्याच्यावर बार टाकायचा म्हटलं तर वन्यजीव कायदा वेगळाच उभा राहतो. पण ते पुढचं पुढे.

धाराशिवकडे जुनी बंदूक म्हणजे बहुधा बारा बोअरची दुनळी. आजोबांच्या नावावरची, माजघरात टांगलेली. क्वचित कुणाकडे रायफल निघते. ती .३०३ असेल तर लाकूड कितीही देखणं असो, नजर वळवा. लष्करी काडतुसाची म्हणून ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. जिथं .३०३ बनायची त्याच ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ मात्र साध्या परवान्यावर घेता येते. दोघींचा घाटही जवळपास एकच. फरक काडतुसाचा, आणि पुढे तुरुंगाचा.

आता माल बघायला बसा. विकणारा चहा सांगेल आणि म्हणेल, ‘वरवरचं आहे हो सगळं.’ निम्म्या वेळा तो खरं बोलत असतो. आपल्याकडच्या बंदुका उडवून कमी आणि पूजेनं जास्त खराब होतात. दर खंडेनवमीला ओलं हळदकुंकू नळीवर लागतं, पुसायचं राहून जातं, आणि दिवाळीपर्यंत तिथं गंजाचा टिळा उमटतो. असा टिळा बाहेरच्या अंगाला असेल तर खुशाल भाव पाडा. पण बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती मोडा आणि नळ्या उजेडाकडे धरून आतून बघा. आत खड्डे दिसले, नळीला बाहेरून पोचा असला, किंवा बंद केल्यावर बिजागरीशी खुळखुळ वाजली, तर चहा संपवून उठा. दस्ता मनगटापाशी, म्हणजे जिथं मूठ बसते तिथं, चिरलेला असेल तरी उठा. बार होताना सगळा धक्का तिथूनच जातो. बाकी ओरखडे, उडालेला रंग, उंदराने कुरतडलेली टाच, यांवर मात्र मनसोक्त नाक मुरडा. नाक मुरडल्याशिवाय धाराशिवात बैलही विकत घेत नाहीत.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे नळीवरचा नंबर वाचणं. नवशिके हमखास इथंच चुकतात. पॉलिश पेपर घेऊन बसतात, गंज जातो, हात थांबत नाही, आणि संध्याकाळपर्यंत नंबरही जातो. कायद्याच्या आठव्या कलमानुसार तो पुसणं, खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे. गंजलेली पण नंबर असलेली बंदूक ही मालमत्ता. आरशासारखी लखलखीत पण बिननंबरी बंदूक हा पुरावा.

कागदपत्रं विकणाऱ्याची नीट हवीत आणि तुमचीही. व्यवहार खासगी असेल तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. या काळात बंदूक त्याच्याकडेच राहते, म्हणून तुम्ही फक्त जवसाचं तेल आणून ठेवा. बंदूक हाती आली की पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग पुढचा. चकचकीत व्हार्निश नको. लोखंडाचं काम करायचं असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच जा. गल्लीतल्या सुताराचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्या दुकानात बंदूक ठेवून यायची नाही. आणि ही हौस फार वाढवू नका. २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात.

जुन्या मालाच्या व्यवहाराचा या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा दाखला परंड्याचा. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीने ओतली. ती परंड्याच्या किल्ल्यावर आली, आणि १६३२मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. ४५ दिवसांची नोटीस कुणी दिली नाही. पुढे विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने तिच्यावर स्वतःच्या विजयाचा लेख कोरून घेतला. जुनं हत्यार घेऊन त्यावर आपलं नाव घालण्याची खुमखुमी कुणाला नसते? तुम्ही मात्र दस्त्यावर ‘पाटील’ कोरू नका, पुढच्या गिऱ्हाइकाला ते नको असतं.

वरातीत बंदूक मिरवू नका. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढ्या पैशात आणखी एक जेवणावळ उठते.

एवढं ऐकूनही हौस उरली असेल तर शेवटची सोय सांगतो. जुन्या घडणीचं आणि दुरुस्त करूनही उडणार नाही असं हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेलं आहे. कलम ४५. म्हणजे नवशिक्याला सगळ्यात सोयीची बंदूक ती, जिच्यातून काहीच होत नाही. अर्थात ती तशी आहे हे ठरवणं तुमच्या हाती नाही, म्हणून घेण्याआधी लेखी विचारून घ्या. मग तेल लावा, दिवाणखान्यात टांगा, पाहुण्यांना निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगा. घरात आयटीआय झालेला हुशार भाचा असेल तर मात्र ती उंचावर टांगा आणि शिडी शेजाऱ्याकडे ठेवा.