माउली, कापडाला बोट लावू नका

तुकोबांच्या पालखीत चालणं सवयीनं जमतं, भजन ऐकून ऐकून येतं. राहुटी ठोकणं मात्र ज्याच्या हातात घण आहे त्यालाच जमतं, आणि ज्याच्या हातात नाही त्या प्रत्येकाला कळतं. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराजांनी 1685 साली हा पालखी सोहळा सुरू केला. पुढे कोणती दिंडी कुठे चालणार इथवर सगळ्याला शिस्त लागली. राहुटीत कोणाचे पाय कोणाच्या उशाशी, एवढंच राहिलं.

खरी परीक्षा बारामतीपासून पुढे. मुरमाड जागा वाट्याला आली तर मेख आत शिरत नाही, वाकते. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघून पुढे सणसरकडे सरकलं, की नीरा डाव्या कालव्याचं काळं रान. तिथं मेख लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि वारा सुटला की तशीच बाहेर येते. उपाय जुनाच: मेख तिरकी ठोकायची, टोक राहुटीकडे, डोकं बाहेर, आणि वर धोंडा. धोंडा शोधायला नेहमी सगळ्यात तरुण वारकरी जातो आणि कीर्तन संपल्यावर परत येतो.

हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस आला की गावकरी "माउली, पाऊस घेऊन आलात!" म्हणत पाया पडतात. आशीर्वाद द्यायला हात मोकळा नसतो, दोन्ही हातांनी मधला खांब धरलेला असतो. सुती दोर भिजला की आखडतो आणि मेखा उपटतो, म्हणून भर पावसात बाहेर जाऊन तणावे सैल करायचे. मग चर. आपला चर नीट खणला की पाणी शेजारच्या दिंडीत जातं. तिकडून हाक येते, "माउली, तुमची गंगा आमच्या पिठात आली!" वारीत भांडणसुद्धा पाया पडूनच सुरू होतं.

जाड सुती कापडाचं एक बरं असतं. भिजलं की सूत फुगतं, छिद्रं बुजतात आणि आत कोरडं राहतं. मात्र आतून बोट लागलं की तिथंच पाणी पाझरतं. आमच्या दिंडीतल्या निवृत्त मास्तरांनी हे शास्त्र सर्वांना समजावलं. "असं लावायचं नाही," म्हणत त्यांनी बोट लावलं. रात्रभर थेंब पडला तो बरोबर त्यांच्याच अंथरुणावर.

पुण्याहून आलेल्या एका पोरानं नायलॉनचा घुमटीतंबू आणला होता. दोन मिनिटांत उभा. मेखा लागतच नाहीत म्हणाला. सकाळी बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावले. संध्याकाळी निमगाव केतकीत वारा सुटला आणि तंबू धावला. मागं पोरगं, त्याच्या मागं लहान मुलं. एका आजींनी सवयीनं हात जोडले.

आमची ओली राहुटी रोज पहाटे तशीच गुंडाळून ट्रकमध्ये जायची. कुबट वास धरला, काळे ठिपके उमटले. इंदापूरला ऊन पडलं तेव्हा ती सोडून मोकळ्या जागेत पसरली आणि आम्ही अंघोळीला गेलो. येऊन बघतो तो तिच्यावर शेजारच्या दिंडीची पंगत बसलेली. पिठल्याचा पहिला ओघळ थेट शिवणीत. पानावरून वारकऱ्याला उठवायचं कसं? मास्तर पुढे झाले, हात जोडले आणि विचारलं, "माउली, ठेचा पुरेसा आहे ना?"