आधी अर्थिंग बघ!

जुनी जीप बाळगणारा एक तरी काका प्रत्येक गावात असतोच. पालघर-बोईसर पट्ट्यात तो जरा जास्तच सापडतो. रस्त्याच्या कडेला कुणाच्याही गाडीचं बॉनेट वर दिसलं की ह्याची जीप थांबलीच. बोलावण्याची वाट न बघता तो डोकं आत घालतो आणि गाडीला झालंय काय, हे ऐकायच्या आत निदान सांगून मोकळा होतो, "आधी अर्थिंग बघ!"

आमच्या काकांकडे महिंद्राची एमएम ५४० आहे. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चारी चाकांना पाटे, फोर-व्हीलचा वेगळा दांडा आणि वर ताडपत्री. काका तारापूर एमआयडीसीत मेन्टेनन्सला होते. नोकरी संपली, मेन्टेनन्स संपलं नाही.

त्यांचं शास्त्र असं. बॅटरीच्या लाल वायरला सगळे जपतात, काळीला कुणी विचारत नाही. ती एका बोल्टने चेसीला बसते, चेसीवरून एक पट्टी इंजिनाला जाते. चिंचणी-तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात तो बोल्ट गंजला की गेलेल्या करंटला परत यायची वाट राहत नाही. मग सेल्फ मारला की नुसतं 'टक'. ब्रेक दाबावा तर भलताच दिवा मिणमिणतो. मालक बिचारा नवी बॅटरी आणतो, आणि तीही दुसऱ्या दिवशी 'टक'च म्हणते.

इथवर काकांचं बरोबर आहे. पण ते इथे थांबत नाहीत. डहाणू लोकल उमरोळीच्या अलीकडे रखडली की सगळा डबा वरच्या वायरकडे बघतो. काका खाली बघतात. "परतीचा करंट रुळातून जातो. अर्थिंग बघा म्हणावं!" लग्नात माइक कुईकुई करतो, अर्थिंग. भाचा गणितात गटांगळी खातो, "हुशार आहे रे, अर्थिंग लूज आहे." शेजारच्या घरात सासू-सुनेचं वाजलं तेव्हाही काका तोंड उघडणार होते, पण काकूंनी नुसतं बघितलं आणि त्यांचंच कनेक्शन तुटलं.

एकदा भर पावसात मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीच्या चढाला त्यांची जीप ठसकली आणि बंद पडली. मागे बसलेल्या आम्हा सगळ्यांना कळलं होतं की डिझेलच्या लाइनने हवा धरली आहे. एकदा चालू झालेल्या जुन्या डिझेल इंजिनाला विजेचं फारसं कौतुक नसतं, हे काकांनीच आम्हाला शिकवलेलं. तरी ते पॉलिश पेपर घेऊन खाली शिरले. ताडपत्रीतून पाणी आमच्या मानेवर, काका अर्थिंगच्या बोल्टवर. बोल्ट चांदीसारखा चकचकीत झाला, तेव्हा कुठे त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला घेतला. आधी फसफसता फेस आला, मग बुडबुड्याशिवाय डिझेलची धार. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, गाडी सुरू.

"काका, हवाच होती की!"

"होती ना. पण अर्थिंग साफ होतं म्हणून सेल्फने साथ दिली."

चिंचणीच्या किनाऱ्यावर एक पोरगा सेकंडहँड फोर-बाय-फोर घेऊन वाळूत रुतला होता. फोर-व्हीलचा दांडा टाकलेला, तरी मागची चाकंच खड्डा खणत होती, पुढची ढिम्म. काका वाकले. पुढच्या चाकांचे हब 'फ्री'वर. दोन्ही हब हाताने 'लॉक'ला फिरवले, टायरमधली हवा थोडी सोडली, गाडी बाहेर. पुढे डांबरी रस्त्यावर दांडा निघेना, तर म्हणाले, "कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील ठेवलंस की आतल्या गिअरांना पीळ बसतो. जरा रिव्हर्स घे, सुटेल." सुटला. मग खालून गोड्या पाण्याने धुवायची ताकीद दिली. इतकं सगळं अचूक करून जाता जाता म्हणालेच, "पुढच्या चाकांचं अर्थिंगच नव्हतं रे!"

पंधरा वर्षं झाली की खाजगी गाडीची पुन्हा नोंदणी करायची, वर पर्यावरण कर भरायचा, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. काका रांगेत मुकाट उभे राहतात, घरी येऊन तडकतात. "तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या. त्यांची डागडुजी करून आयुष्य वाढवतात. मग माझ्या जीपनेच काय घोडं मारलंय?"

दर दिवाळीला ते जीप विकायला काढतात. मुलं परदेशात, काकूंना आता त्या पायरीवर चढवत नाही. गिऱ्हाईक येतं. काका त्याला आत बसवतात आणि सुरू होतात: किंगपिनचं बेअरिंग गेलंय, साठच्या वर स्टिअरिंग थरथरतं, मागच्या शाफ्टचा क्रॉस वाजतो, ऑइल सील गळतं, पण गळतं म्हणजे आत ऑइल आहे. गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं. "सांगायला नको का?" काका आम्हालाच विचारतात. जीप पुसताना मात्र शीळ घालत असतात.

आता बोईसरच्या आमच्या गॅरेजात मिस्त्रीचा मुलगा बसतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे. माझ्या गाडीला त्याने स्कॅनर जोडला तर पडद्यावर फॉल्टची रांग लागली. त्याने सेन्सर सुचवले, भाव सांगितले. काकांनी पडदा चष्मा वर करून वाचला. "एकाच वेळी एवढी माणसं आजारी पडली, तर आधी विहिरीचं पाणी तपासायचं की प्रत्येकाला सलाइन लावायचं?" अर्थिंगची पट्टी सोडली, तर खाली हिरवट गंज. घासली, आवळली, फॉल्ट पुसले. परत आले नाहीत. काकांनी पैसे घेतले नाहीत, तिथल्या पोराला मात्र पाना कसा धरायचा यावर अर्धा तास ऐकवलं. त्यांच्यानंतर हे कोण ऐकवणार, हा विचार तेव्हा मला पहिल्यांदा आला.

तेव्हा वाचकहो, गाडी टोचन लावून नेण्याआधी काळ्या वायरचा बोल्ट सोडा, घासा, आवळा, वर थोडं व्हॅसलीन लावा. गाडी सुरू झालीच, तर एवढी मेहेरबानी करा: आमच्या काकांना कळवू नका.