केसपेपरवर तुझं नाव

मु. पो. भिवंडी

कापसाच्या धुळीस,

सप्रेम नमस्कार लिहिणार नाही. प्रेम नाही, आणि नमस्कार घ्यावास असं तू काही केलेलंही नाहीस. अठरा वर्षं मी तुझ्या संगतीत यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. संध्याकाळी केसांवरून, पापण्यांवरून, पदरावरून तुला झटकून घरी जायचे. जी झटकता आली नाहीस, ती माझ्या छातीत राहिलीस. त्याचा हिशेब मागायला हे पत्र आहे.

तुझी रीत मला उशिरा कळली. आठवड्याची सुट्टी संपवून कारखान्यात पाऊल टाकलं की दुपारपर्यंत छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. दोन-तीन दिवसांत ते हलकं व्हायचं आणि मी म्हणायचे, ‘हवा बदलली असेल.’ पुढे आठवड्याचे सगळेच दिवस तसे झाले. मग सुट्टीही तशीच झाली. आता शांतीनगरच्या आमच्या चाळीचा जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळणारी छाती ही तुझी खूण आहे. वैद्यकात या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्या टप्प्यावर माणूस तुझ्यापासून लांब गेला तर पुष्कळदा सावरतो. मला ते कुणी तेव्हा सांगितलं नाही.

ज्या दवाखान्यात गेले तिथे वय विचारलं, वजन केलं, खोकल्याचं औषध दिलं. एकाने थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्याने दर महिन्याला सुई टोचली. बाई, तुम्ही काम काय करता, हे कुणीच विचारलं नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक १७०० साली छापलं. अळशी आणि भांगेचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला आणि दमा त्याने त्यात नोंदवला आणि वैद्यांना बजावलं, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. तीनशे वर्षं झाली. माझ्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढची जागा कोरीच होती. तुझं सगळं बळ त्या कोऱ्या जागेत होतं.

तू म्हणशील, मी तर गिरणीतली. पिंजण्याच्या खात्यात तुझा मार सगळ्यात जास्त, हे खरंच आहे. मागाच्या कारखान्यात तो कमी असतो. पण कमी म्हणजे नाही असं होत नाही. बारा-बारा तासांची पाळी, सूत तुटू नये म्हणून बंद ठेवलेल्या खिडक्या, माणसं आत असतानाच हवेच्या पाइपने साफ केलेले माग, आणि जेवढ्या कांड्या तेवढे पैसे, त्यामुळे तपासणीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. हे तुझे साथीदार. त्यांचीही नावं या पत्रात राहू देत.

कायद्याला तू अनोळखी नाहीस. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत बिसिनोसिस हा शासनाला कळवायचा आजार होता. त्याच वर्षीच्या कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टातही व्यावसायिक आजार म्हणून तो होता. मुंबईच्या एका कापड गिरणीतल्या बिसिनोसिसचा अभ्यास डॉ. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. म्हणजे भिवंडीपासून तासा-दीड तासावर तुला नावानिशी ओळखणारे लोक होते. पण विमा सक्तीचा व्हायला कारखान्यात किमान दहा कामगार लागतात. आमचे कितीतरी कारखाने दहाच्या आत आहेत, आणि काही फक्त कागदावर दहाच्या आत राहतात.

आता माझं ऐक. फुप्फुसाच्या मोठ्या तपासणीत नळीत जोराने फुंकायला लावतात, ती स्पायरोमेट्री मी मागून करून घेतली. श्वासनळ्या अरुंद झाल्यात आणि गेलेलं पूर्ण परत येणार नाही, हे त्या दिवशी कळलं. रात्रभर रडले. सकाळी शंभर पानी वही आणली.

त्या वहीत रोजचा दम, खोकला, श्वासाचा पंप किती वेळा घेतला आणि कामाचा दिवस की सुट्टी, एवढं लिहिते. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात. त्यात मी वही उघडते आणि म्हणते, ‘डॉक्टर, व्यवसाय लिहा. कांडी, अठरा वर्षं, सुट्टीनंतर छाती आवळायची.’ पूर्वी मान खाली घालून ‘बरं’ म्हणायचे. आता विचारते: हे औषध कशासाठी? किती दिवस? टीबी म्हणता, तर थुंकीची तपासणी कुठे आहे? ती तपासणी आणि टीबीचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, हेही मला ठाऊक आहे.

पंपाची सवय लागते, अशी अफवा पसरली की तुझं फावतं. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. वारंवारच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि सुया मात्र हाडांना आणि साखरेला भोवतात. आधी श्वास सोडायचा, पंप दाबताना सावकाश आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. दम लागला की गरम चहावर फुंकर घालतो तशा ओठांनी हळूहळू श्वास सोडायचा. रोज थोडं चालायचं, वर्षाला फ्लूची लस घ्यायची, घरात विडी पेटू द्यायची नाही. तोंडावरचा पदर तुला अडवत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. हे सगळं मी शेजारणींना करून दाखवते. आजार जन्माचा आहे, पण जन्म माझा आहे.

तुला हरवता येतं, हेही ऐकून ठेव. अमेरिकेत कॅरोलायनातले दम लागलेले गिरणी कामगार १९७० च्या दशकात एकत्र आले आणि ‘ब्राऊन लंग असोसिएशन’ उभी केली. १९७८ साली तिथे कापसाच्या धुळीची मर्यादा ठरली. विणकाम खात्यात घनमीटर हवेत ७५० मायक्रोग्रॅम, सूत कताईत २००. मालकांनी खर्च आणि फायद्याचं गणित मांडून नियमाला आव्हान दिलं. १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. त्या लढ्यात आजारी माणसं स्वतःचीच छाती पुरावा म्हणून घेऊन उभी होती.

भिवंडीत लाखो माग चालतात. प्रत्येक कारखान्यात धूळ खेचणारा पंखा हवा. माणसं बाहेर गेल्यावरच साफसफाई व्हायला हवी. कामगारांची वर्षातून एकदा फुंकण्याची तपासणी, आणि तीही मजुरी न कापता. दवाखान्यात पहिला प्रश्न धंद्याचा. यातलं काहीही दया म्हणून मागत नाही.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरीण बाईंनी माझ्यासमोर केसपेपर भरला. ‘व्यवसाय’ पुढे त्यांनी लिहिलं: यंत्रमाग, कांडी भरणे, १८ वर्षे, कापसाच्या धुळीशी संपर्क. मी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला. माझ्या मागे बाकड्यावर खोकणारी बाई बसली होती, पदरावर पांढरे तंतू. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, ‘ताई, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते का गं?’

ती म्हणाली, ‘तुला कसं कळलं?’

मी पिशवीतून वही काढली.

तुझ्या हिशेबाची,
एक कांडीवाली