स्वस्तातला जर्मन थाट

2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या स्वप्नांना चाकं फुटली. तिथे वय झालेली बीएमडब्ल्यू इथे नव्या हॅचबॅकच्या भावात दारात झुलू लागली. हत्तीची किंमत सगळे विचारतात, वैरणीची कोणीच नाही. दिल्लीहून ना-हरकत पत्र (एनओसी) आणलं की इथल्या आरटीओचा रस्ता कर, मग विम्याचा हप्ता. पुढे इंजिन बोलू लागतं. बीएमडब्ल्यूच्या एन47 या 2 लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन कंपनीच्या अभियंत्यांनी मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली. ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवा. चेन स्वस्त, तिच्यापर्यंतचा प्रवास महाग. काजळी अडवणारा डीपीएफ असेल, तर तो साफ व्हायला हायवेची धाव लागते. मालक मात्र गाडी भाजी आणण्यापुरतीच काढतो. उरलेला वेळ ती गॅरेजात. डिझेलची तेवढी बचत होते म्हणा! घ्यायचीच असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी तपासा आणि दुरुस्तीसाठी घसघशीत रक्कम बाजूला ठेवा. ती नसेल, तर बोनेटवरच्या चिन्हासोबत सेल्फी काढून परत या. सेल्फीला अजून तरी मेंटेनन्स लागत नाही.