नाव बरोबर लिहा, बाकी आम्ही बघतो

२०२०च्या उन्हाळ्यात सगळा देश घरात बसला होता, तेव्हा आमचे दाजी दिवसाला दोन या वेगानं प्रमाणपत्रं मिळवत होते. दाजी तालुक्याच्या कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक. पण त्या तीन महिन्यांत रेशीम उद्योग, नॅनो तंत्रज्ञान, बौद्धिक संपदा आणि गरोदर स्त्रियांचा आहार या सगळ्यांत त्यांनी 'सक्रिय सहभाग' घेतला, असं फायलीत रंगीत छापून ठेवलेलं आहे. बहुतेक वेबिनार सकाळी अकराला. म्हणून दाजी एक मोबाइलवर लावत, दुसरा लॅपटॉपवर, तिसरा ताईच्या फोनवर आणि स्वतः ओट्यावर शेंगा सोलत बसत.

"काय सांगितलं हो दाजी, रेशमाबद्दल?" मी एकदा विचारलं.

"अजून फीडबॅकची लिंक आली नाही," दाजी म्हणाले.

मला वाटलं, त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नसावा. पुढे त्यांच्याच कॉलेजनं वेबिनार ठेवला, त्याच्या प्रमाणपत्रांचा कारखाना मी जवळून पाहिला आणि कळलं की उत्तर अगदी नेमकं होतं.

कारखाना उभारला तो तासिका तत्त्वावरच्या एका तरुण सरांनी. पाहुण्यांचे हार, बंद पडलेला प्रोजेक्टर आणि नॅकच्या फायलींची रात्रपाळी ज्यांच्याकडे येते, तेच हे सर. त्यांनी एका संध्याकाळी सगळं बसवलं. माणूस गूगल फॉर्ममध्ये नाव भरतो, ते नाव शीटमध्ये उतरतं, ऑटोक्रॅट नावाचा जोडप्रोग्रॅम ते उचलतो, प्रमाणपत्राच्या नमुन्यात मोकळ्या ठेवलेल्या जागी बसवतो, पीडीएफ करतो आणि ईमेलनं धाडतो. परीक्षा ठेवायची असेल तर सर्टिफायएम नावाचा दुसरा जोडप्रोग्रॅम आहे. ठरवलेले टक्के पडले की तो धाडतो. प्राचार्यांनी कोऱ्या कागदावर एकदाच सही केली, तिचा मोबाइलवर फोटो काढला, संपलं. मध्ये कुठे माणूस म्हणून नाही.

परीक्षेला चाळीस टक्क्यांची अट होती. प्रश्नांची उत्तरं लिंकच्या आधीच ग्रुपवर आली होती, तरी काही जण नापास झाले. त्यांच्यासाठी फॉर्म पुन्हा भरायची सोय होती. शेवटी 'वेबिनार कसा वाटला?' याला तीन पर्याय होते: उत्तम, अतिउत्तम, उत्कृष्ट.

वेबिनार होता मराठी भाषा संवर्धनावर, आणि तोही 'आंतरराष्ट्रीय'. संस्थाचालकांचा भाचा दुबईत असतो, त्यानं पहिली पाच मिनिटं कॅमेरा चालू ठेवला. यात हसण्यासारखं काही नाही. यामागे हिशोब आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत निमंत्रित व्याख्यानाला गुण आहेत. परदेशात आंतरराष्ट्रीय परिषदेत बोललात तर सात, देशातच आंतरराष्ट्रीय असेल तर पाच, राष्ट्रीय असेल तर तीन, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर दोन. पाच मिनिटांच्या दुबईनं तिनाचे पाच होत असतील तर कोणता वक्ता नाही म्हणेल? गंमत अशी की हे गुण बोलणाऱ्याला. ऐकणाऱ्याच्या तासाभराला त्या तक्त्यात रकानाच नाही. हे मी दाजींना सांगितलं. "असू दे," ते म्हणाले, "फाइल जाड दिसते."

वेबिनार दुपारी एकला संपला. सव्वाला सरांचा फोन वाजायला लागला. फॉर्म भरले होते साडेतेराशे जणांनी आणि साध्या गूगल खात्यावरून अशा प्रोग्रॅमला दिवसाला शंभरच जणांना मेल पाठवता येतात. शंभरावर यंत्र थांबलं. उरलेल्यांची रांग चौदाव्या दिवसापर्यंत जाणार होती. व्याख्यान चालू असताना एकानंही शंका विचारली नव्हती, आता रात्री साडेअकराला नांदेडहून प्राध्यापक विचारत होते, "सर, माझं आज येईल का?" पाहुण्यांच्या पंगतीसारखी अवस्था, पहिली उठली, दुसरी ताटकळलेली. सरांनी आईच्या, मामाच्या आणि वर्गमित्राच्या खात्यावरून वाटप चालू केलं. त्यामुळे काहींना सहभागाचं प्रमाणपत्र सरांच्या आईकडून गेलं.

मग दुरुस्त्या. यंत्र आज्ञाधारक असतं, ही त्याची खोड. 'प्रमाणपत्रावर हवं तसं नाव लिहा' या रकान्यात जे लिहाल ते यंत्र सोनेरी चौकटीत छापतं. एका बाईंचं नाव पदव्यांसह चौकटीबाहेर गेलं. एक प्रमाणपत्र 'नाव वर दिले आहे सर' यांना मिळालं. एकानं नमुना जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकून आणला, तेव्हा मराठी भाषा संवर्धनावरच्या प्रमाणपत्रात एकही अक्षर मराठी उरलं नाही. त्या नमुन्याबद्दल तक्रार मात्र एकच आली, की प्राचार्यांची सही जरा फिकट दिसते.

"त्यापेक्षा एनपीटीईएलचा कोर्स करा की," मी दाजींना म्हटलं. आयआयटीवाले शिकवतात, यंत्र तिथेही आहे, गृहपाठ ऑनलाइन तपासले जातात. पण गृहपाठाला पंचवीस टक्के आणि परीक्षेला पंचाहत्तर, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, ओळखपत्र दाखवून. दाजींनी सोललेल्या शेंगांची टरफलं गोळा केली. "म्हणजे अभ्यास करायचा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. फसवलं गेल्याचं दुःख होतं.

पुढच्या वर्षी त्या तासिकावाल्या सरांना दुसऱ्या जिल्ह्यात पूर्णवेळ जागेची मुलाखत आली. अनुभवाचा दाखला हवा होता. त्यांनी कॉलेजात अर्ज केला. अर्ज दोन प्रतींत नव्हता म्हणून परत आला. दुसऱ्यांदा दिला तर मागच्या सत्राच्या तासिकांचा हिशोब जोडलेला नव्हता. तिसऱ्यांदा सगळं होतं, पण प्राचार्य बैठकीसाठी पुण्याला गेले होते.

"सहीचा फोटो माझ्याकडे आहे," सर चाचरत म्हणाले. "साडेतेराशे प्रमाणपत्रं त्याच सहीनं गेली."

हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर नेला. "ती प्रमाणपत्रं होती सर. हा दाखला आहे. याला शाईची सही लागते. सोमवारी या."